रिमांड होममधला छळ आणि मोठेपणीची तक्रार: पार्श्वभूमी

पुण्यात आजही ‘रिमांड होम’ म्हटले की येरवडा आठवतो. शब्द १९२४ आणि १९४८च्या मुंबई बालक कायद्यांच्या काळातला. पुढे १९८६, २००० आणि २०१५चे बाल न्याय कायदे आले, पाट्या बदलल्या: निरीक्षणगृह, बालगृह, अनुरक्षणगृह. मात्र मूल सज्ञान झाले की यंत्रणेचा हात सुटतो, हे कायम राहिले. मुलांची हेल्पलाइन १०९८ अठरापर्यंत, अनुरक्षण (संस्थेतून बाहेर पडल्यावरचा आधार) एकविसाव्या वर्षापर्यंत, अपवादाने तेविसाव्या. आणि तिथे काय सोसले ते सांगायचा धीर अनेकांना येतो तिशी-चाळिशीत.

तोवर तक्रारीच्या कायदेशीर मुदतीचा प्रश्न उभा राहिलेला असतो, आणि इथे घटनेचे साल सगळे ठरवते. १९८६ आणि २०००च्या कायद्यांत मुलाशी क्रूरपणे वागण्याची शिक्षा होती फक्त सहा महिन्यांपर्यंत. एक वर्षापर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्याची दखल न्यायालयाने वर्षभरातच घ्यायची, असा फौजदारी प्रक्रियेचा नियम. म्हणजे १९९८ साली पट्ट्याने मारलेल्या मुलाची मुदत तो संस्थेत असतानाच संपली! उशीर माफ करण्याचा अधिकार न्यायालयाला आहे, पण कारण पटवून द्यावे लागते. १५ जानेवारी २०१६ पासून लागू झालेल्या कायद्याच्या कलम ७५ने संस्थाचालक व कर्मचाऱ्यांसाठी शिक्षा पाच वर्षांपर्यंत नेली. तीन वर्षांहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्याला मुदत नसते. तरी मारहाणीची तक्रार त्याच कायद्याच्या कलम ८२खाली (शारीरिक शिक्षा) नोंदली गेली, तर पहिल्या गुन्ह्याला नुसता दहा हजारांचा दंड आणि मुदत सहा महिने. चूक नेमकी इथे होते, म्हणून कलम आधी वकिलाकडून तपासून घ्यावे.

लैंगिक अत्याचाराचे वेगळे. मथुरा या मुलीवरील पोलीस ठाण्यातल्या बलात्काराच्या प्रकरणानंतर १९८३ मध्ये दंड संहितेत कोठडीतील बलात्कार हा स्वतंत्र प्रकार आला. त्यात रिमांड होमचे कर्मचारी स्पष्टपणे धरले होते आणि किमान शिक्षा दहा वर्षे. मुलग्यांसाठी तेव्हा कलम ३७७चाच (अनैसर्गिक संभोग) आधार. १४ नोव्हेंबर २०१२ नंतरच्या घटनांना पोक्सो, म्हणजे मुलांवरील लैंगिक अत्याचारांविरुद्धचा कायदा, लागतो. यांपैकी तीन वर्षांहून जास्त शिक्षेच्या कोणत्याही गुन्ह्याला मुदत नाही. पीडित व्यक्ती कोणत्याही वयात तक्रार करू शकते, हे केंद्रीय विधी मंत्रालयाने २०१८ मध्ये पोक्सोबाबत स्पष्ट केले.

पुढची अडचण फाइलची. महाराष्ट्रात अनेक निरीक्षणगृहे जिल्हा परिविक्षा व अनुरक्षण संघटना चालवतात, त्यामुळे कागद संस्था, बाल कल्याण समिती आणि जिल्हा महिला व बालविकास अधिकारी यांच्यात विखुरलेले असतात. हाती असतो बहुधा फक्त शाळा सोडल्याचा दाखला, त्यावर अंदाजाने टाकलेली १ जून ही जन्मतारीख आणि चुकीचे आडनाव. माहिती अधिकाराचा अर्ज जिल्हा कार्यालयात द्यावा: दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एकच विषय, १५० शब्दांत. नावाची सगळी रूपे आणि दाखल झाल्याचे साल लिहावे. प्रवेश नोंदवही, केस फाइल आणि वैद्यकीय कार्ड अशी नावानिशी मागणी करावी. कारण सांगावे लागत नाही. उत्तर तीस दिवसांत आले नाही, तर पहिले अपील, वीस रुपये. विधिसंघर्षग्रस्त म्हणून, म्हणजे गुन्ह्याच्या आरोपावरून, ठेवलेल्यांनी उशीर करू नये. त्यांच्या भल्यासाठीच तो अभिलेख ठरावीक काळाने नष्ट करायचा असतो, आणि पुरावाही त्याच्याबरोबर जातो.

गोपनीयतेची हमी कुठवर? मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७च्या कलम २३नुसार उपचारातली माहिती गुप्त राहते. पण पोक्सोचे कलम १९ गुन्हा माहीत असलेल्या प्रत्येकावर कळवण्याचे बंधन घालते. म्हणून नावे घेण्याआधी समुपदेशकाला सरळ विचारावे: ‘यातले काय तुम्हाला पोलिसांना कळवावे लागेल?’ हा प्रश्न विचारण्यात संकोच वाटू देऊ नये. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनवर, १४४१६, मराठीतही बोलता येते.

न्यूझीलंडने २००८ ते २०१५ मध्ये सरकारी देखरेखीत १९९२पूर्वी वाढलेल्यांसाठी खास गोपनीय ऐकण्याची सेवा चालवली होती. दोष ठरवण्याचा अधिकार तिला नव्हता. ती ऐकून घ्यायची, फाइल मिळवून द्यायची, समुपदेशनाची सोय करायची. आपल्या बाल न्याय कायद्यात प्रौढांसाठी असे काहीच नाही. शिवाजीनगर न्यायालयातील जिल्हा विधी सेवा प्राधिकरण मात्र मोफत वकील देते: स्त्रियांना उत्पन्नाची अट नाही, पुरुषांना बहुधा उत्पन्नमर्यादेखाली.