दुरुस्त्या थांबलेली विंडोज वापरत राहावी का?

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० या ऑपरेटिंग सिस्टिमच्या नियमित मोफत सुरक्षा-दुरुस्त्या (दोष बुजवणारे अपडेट) बंद केल्या, आणि तेव्हापासून घरी संगणक वापरणाऱ्या असंख्य लोकांना एकच प्रश्न पडला आहे: जे उत्तम चालते आहे ते बदलायचे कशाला? १५ ऑक्टोबरला संगणक तोच होता, प्रोग्रॅम तेच होते, एक बाइटही बदललेला नव्हता. मग आदल्या दिवशी सुरक्षित असलेली गोष्ट दुसऱ्या दिवशी असुरक्षित कशी ठरते? हा युक्तिवाद बिनतोड वाटतो, कारण यंत्राचे भाग झिजतात तसा प्रोग्रॅम झिजत नाही हे खरेच आहे. तरीही त्यातून निघणारा निष्कर्ष चुकीचा आहे. प्रोग्रॅममधले दोष पहिल्या दिवसापासून त्यात असतातच. वाढत जाते ती त्या दोषांविषयी इतरांना असलेली माहिती. आणि ही माहिती वाढवण्यास खुद्द दुरुस्त्याच मोठा हातभार लावतात, ही गोष्ट मला या विषयात सर्वांत विलक्षण वाटते.

२००३ सालचे ब्लास्टर हे प्रकरण यासाठी पाहण्याजोगे आहे; ब्लास्टर हा वर्म, म्हणजे नेटवर्कवरून आपणहून पसरणारा घातक प्रोग्रॅम होता. विंडोज २००० आणि विंडोज एक्सपीमध्ये नेटवर्कवरून आलेली विनंती हाताळणारा एक भाग होता. त्यातला एक छोटा लूप (पुन्हापुन्हा चालणारा सूचनांचा संच) समोरच्या संगणकाचे नाव एकेक अक्षर करून मेमरीतल्या ठरावीक मापाच्या जागेत उतरवून घेत असे आणि उलटी तिरकी रेघ आली की थांबत असे. नाव त्या जागेत मावते की नाही, हे मात्र तो तपासत नसे. मेमरीच्या त्याच पट्ट्यात, थोड्या अंतरावर, हे काम संपल्यावर प्रोसेसरने कोठे परतायचे तो पत्ता लिहून ठेवलेला असतो. मुद्दाम लांबलचक नाव पाठवले की जादा अक्षरे त्या पत्त्यावर लिहिली जातात आणि प्रोसेसर हल्लेखोराने सांगितलेल्या ठिकाणी जाऊन तिथल्या सूचना निमूटपणे पाळू लागतो. मायक्रोसॉफ्टने १६ जुलै २००३ रोजी याची दुरुस्ती प्रसिद्ध केली. ११ ऑगस्टला, म्हणजे अवघ्या २६ दिवसांनी, ब्लास्टर हा वर्म जगभर पसरू लागला. त्याने वापरलेली युक्ती ही दुरुस्ती उलगडून पाहणाऱ्या संशोधकांच्या कामातून आली होती, असे पुढे न्यायालयीन कागदपत्रांत नोंदले गेले.

दुरुस्ती उलगडून पाहणे म्हणजे नेमके काय? कंपनी मूळ प्रोग्रॅम उघड करत नाही. आपल्यापर्यंत पोहोचतो तो प्रोसेसरला समजणारा यंत्रसंकेत. परंतु दुरुस्तीपूर्वीची आणि दुरुस्तीनंतरची अशा दोन्ही फाइल कोणालाही मिळू शकतात. त्या शेजारी ठेवून बाइटला बाइट लावून पाहिले तर फारसे हाती लागत नाही, कारण चार सूचना वाढल्या तरी पुढचे सगळे पत्ते सरकतात. म्हणून प्रत्येक फंक्शनचा, म्हणजे प्रोग्रॅममधल्या एकेक काम करणाऱ्या तुकड्याचा, आलेख काढला जातो: एकामागोमाग सलग चालणाऱ्या सूचनांचा गट म्हणजे एक बिंदू, आणि एका गटातून दुसऱ्यात जाण्याची उडी म्हणजे एक बाण. पत्ते बदलले तरी या आलेखाचा आकार बदलत नाही. दोन्ही फाइलमधल्या हजारो आलेखांच्या जोड्या लावणारी साधने उपलब्ध आहेत. जवळजवळ सर्व जोड्या तंतोतंत जुळतात आणि मोजकी फंक्शन्स तेवढी वेगळी निघतात. त्यांपैकी एखाद्यात नवा बिंदू दिसतो: एक तुलना, आणि तिच्या निकालावर अवलंबून असलेली उडी. ही तुलना कोणत्या राशीची आहे, ती राशी बाहेरून येणाऱ्या कोणत्या माहितीतून ठरते, असा माग उलट दिशेने काढत गेले की जुन्या प्रोग्रॅममध्ये नेमके काय तपासायचे राहून गेले होते ते कळते. भिंतीवर कालच लावलेले ताजे सिमेंट भेग कोठे होती ते दाखवते, तसाच हा प्रकार आहे. २००८ मध्ये कार्नेगी मेलन आणि बर्कले येथील संशोधकांनी तर ही तुलना करून काही प्रोग्रॅमवरील हल्ल्याचे इनपुट काही मिनिटांत आपोआप तयार करता येते, हे दाखवून दिले.

आता विंडोज १० आणि ११ यांच्याकडे पाहावे. या दोन्हींचा गाभा बराचसा एकच आहे. प्रत्येक महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी विंडोज ११ साठी दुरुस्त्या येतात, आणि त्यांतील जे दोष दोन्हींत सामाईक आहेत त्यांचा ठावठिकाणा त्याच दिवशी विंडोज १० पुरताही उघड होतो. ज्यांना दुरुस्ती मिळते त्यांची भेग बुजते. ज्यांना मिळत नाही त्यांची उघडीच राहते, आणि अशा उघड्या भेगांची संख्या दर महिन्याला वाढत जाते. 'जुन्या प्रणालीकडे आता कोण लक्ष देणार' ही समजूत म्हणूनच वस्तुस्थितीच्या अगदी उलट आहे.

अर्थात, दुरुस्ती मिळणे आणि ती बसवणे यांतही अंतर असते. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय या खंडणी मागणाऱ्या घातक प्रोग्रॅमने १५० हून अधिक देशांत संगणकांवरील फाइल कुलूपबंद केल्या, तेव्हा बाधित झालेल्यांत विंडोज ७ चे संगणक फार मोठ्या संख्येने होते. विंडोज ७ ला तेव्हा दुरुस्त्या मिळत होत्या आणि या दोषाची दुरुस्ती १४ मार्चलाच प्रसिद्ध झाली होती.

'अँटिव्हायरस आहे, मग चिंता नाही' हा विश्वास मला अंधश्रद्धेच्याच जवळचा वाटतो. अँटिव्हायरस हासुद्धा त्याच ऑपरेटिंग सिस्टिमच्या आधाराने चालणारा प्रोग्रॅम आहे; गाभ्यातल्या दोषातून शिरलेला हल्लेखोर त्यालाच बंद पाडू शकतो. दुसऱ्या बाजूला, नवी आवृत्ती बसवताच संगणक वेगवान होतो, ही जाहिरातबाजीही तितकीच पोकळ आहे. कमी रॅम आणि फिरती हार्ड डिस्क असलेल्या यंत्रावर नवी आवृत्ती अधिक संथ चालण्याचीच शक्यता असते, आणि तिथे एसएसडी बसवल्याने जो फरक पडतो तो आवृत्ती बदलून पडत नाही.

त्यामुळे निर्णय घेताना पहिला प्रश्न एकच विचारावा: आपल्या आवृत्तीला दुरुस्त्या मिळत आहेत का? मिळत असतील तर घाई करण्याचे कारण नाही. नवी आवृत्ती काही महिने स्थिरावू देणे शहाणपणाचेच आहे. मिळत नसतील आणि संगणक इंटरनेटला जोडलेला असेल, तर बदल टाळू नये. विंडोज ११ ला किमान ४ जीबी रॅम, ६४ जीबी साठवण, सिक्युअर बूटची (संगणक सुरू होताना फक्त विश्वासार्ह प्रोग्रॅम चालू देण्याची) सोय आणि टीपीएम २.० ही सुरक्षेच्या किल्ल्या जपणारी चिप लागते. इंटेलचे साधारणपणे आठव्या पिढीपासूनचेच प्रोसेसर मायक्रोसॉफ्टच्या मान्य यादीत आहेत. टीपीएम अनेक संगणकांत असूनही केवळ बंद ठेवलेली असते, म्हणून आपले यंत्र अपात्र आहे असे मानण्यापूर्वी बायोसच्या (संगणक सुरू होताना विंडोजच्याही आधी चालणाऱ्या प्रोग्रॅमच्या) सेटिंगमध्ये ते पाहावे. यंत्र खरोखरच अपात्र असेल तर विंडोज १० साठी घरगुती वापरकर्त्यांना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत विस्तारित दुरुस्त्या जाहीर झाल्या आहेत. मुख्य काम ब्राउझरमध्येच होत असेल तर लिनक्स मिंट किंवा उबुंटू या मोफत ऑपरेटिंग सिस्टिम हा अधिक टिकाऊ मार्ग आहे. फक्त एखादे जुने यंत्र किंवा जुना प्रोग्रॅम चालवण्यासाठी ठेवलेला संगणक नेटवर्कपासून पूर्ण तोडून जुन्याच आवृत्तीवर चालवण्यास माझी हरकत नाही.

कोणताही मार्ग निवडला तरी आधी सर्व फाइलची प्रत वेगळ्या डिस्कवर घ्यावी आणि ती उघडते याची खात्री करावी. विंडोज ११ बसवल्यानंतर जुन्या आवृत्तीकडे परतण्याची सोय सामान्यतः १० दिवसच राहते, म्हणून प्रिंटर, स्कॅनर आणि नेहमीचे सर्व प्रोग्रॅम त्या मुदतीतच चालवून पाहावेत.