इंटरफेसचा असिओ ड्रायव्हर आणि असिओ फॉर ऑल: गिटारला कुठला लावायचा?

विंडोजवर अ‍ॅम्प सिम्युलेटरच्या (गिटार अ‍ॅम्पचा आवाज संगणकातच देणाऱ्या सॉफ्टवेअरच्या) ऑडिओ सेटिंगमध्ये बऱ्याचदा दोन नावं एकाखाली एक दिसतात. एक इंटरफेसच्या, म्हणजे गिटार संगणकाला जोडणाऱ्या पेटीच्या, कंपनीचं, जसं 'फोकसराइट यूएसबी असिओ' वगैरे, आणि दुसरं 'असिओ फॉर ऑल'. दोन्हींत असिओ (आवाज कमी उशिराने पोचवणारी ड्रायव्हरची पद्धत) आहे, मग काहीही निवडा, असं वाटतं. तिथेच घोळ होतो.

कंपनीचा ड्रायव्हर त्याच हार्डवेअरसाठी लिहिलेला असतो. असिओ फॉर ऑल हा नुसता दुभाषा: विंडोजमध्ये आधीच बसलेल्या साध्या डब्ल्यूडीएम (विंडोजच्या नेहमीच्या पद्धतीच्या) ड्रायव्हरवर बसतो आणि सॉफ्टवेअरशी असिओच्या भाषेत बोलतो. विंडोजचा मिक्सर तोही टाळतो, त्यामुळे डायरेक्ट साउंड या विंडोजच्या स्वतःच्या वाटेपेक्षा बराच बरा. पण खालचा ड्रायव्हर मंद असेल तर दुभाषा तरी काय करणार?

म्हणून दोन्हीकडे बफर (एका वेळी साठवून पुढे दिला जाणारा आवाजाचा तुकडा) १२८ ठेवला तरी उशीर हाताला सारखा लागत नाही. ४८ किलोहर्ट्‌झला १२८ सॅम्पल म्हणजे २.७ मिलिसेकंद, जाता-येता ५.३, कन्व्हर्टर (आवाजाचे आकडे आणि आकड्यांचा आवाज करणारा भाग) आणि यूएसबीचा उशीर वेगळा. असिओ फॉर ऑलमध्ये यावर खालच्या ड्रायव्हरच्या बफरची भर पडू शकते, आणि पडद्यावरच्या आकड्यात ती दिसेलच असं नाही. आकड्यावर विसंबू नका, पाम म्यूट करून (तळहाताने तारा हलक्या दाबून) जलद रिफ वाजवून बघा.

असिओ फॉर ऑलची खरी डोकेदुखी वेगळीच. त्याच्या पॅनेलमध्ये लॅपटॉपचा माइक आणि यूएसबी इंटरफेस दोन्ही एकदम चालू राहू शकतात. सॅम्पलचा वेग ठरवणारी दोघांची घड्याळं स्वतंत्र, ती हळूहळू एकमेकांपासून सरकतात आणि ठरावीक वेळाने 'टिक' येते. बफर १०२४ केला तरी ती जात नाही. उजवीकडे खालचं पान्याचं चिन्ह दाबा, यादी उलगडा आणि एकच उपकरण चालू ठेवा. ते उपकरण मिळतच नसेल, तर बहुधा ब्राउझरने धरून ठेवलंय. तो बंद करून सिम्युलेटर पुन्हा उघडा.

कंपनीच्या ड्रायव्हरवर सतत चरचर होत असेल तर बफर १२८ वरून २५६ करा, लॅपटॉप चार्जरला लावा, यूएसबी हब काढून थेट पोर्टात जोडा. विंडोजच्या साउंड सेटिंगमधला सॅम्पल रेटही (सेकंदाला किती सॅम्पल) सिम्युलेटरइतकाच ठेवा. एक ४४.१ आणि दुसरा ४८ असला की काही ड्रायव्हर आवाजच देत नाहीत.

थोडक्यात, कंपनीचा असिओ ड्रायव्हर असेल तर तोच, असिओ फॉर ऑल काढून टाकला तरी काही बिघडत नाही. स्वस्त यूएसबी गिटार केबलसोबत स्वतःचा ड्रायव्हर येत नसेल तेव्हा मात्र असिओ फॉर ऑलच कामाला येतो.

आवाज वेळेवर येतोय पण मंद, घोंगडीखालून आल्यासारखा? मग ड्रायव्हरला हात लावू नका. इंटरफेसवरचं 'इन्स्ट' (इन्स्ट्रुमेंट) बटण दाबलंय का बघा. गिटारच्या पॅसिव्ह (बॅटरी नसलेल्या) पिकअपला साधारण १ मेगाओहम रोधाचा इनपुट लागतो. लाइन इनपुट किंवा लॅपटॉपचा माइक जॅक त्याहून खूप कमी देतो, आणि वरच्या पट्टीतली चमक तिथेच जाते.