तेझे : तरुणांचा प्रार्थना-सप्ताह

तेझे हे फ्रान्सच्या बरगंडी भागात, क्लुनीजवळच्या टेकडीवर वसलेले लहानसे खेडे आहे. तिथल्या ख्रिस्ती ब्रदरांच्या, म्हणजे व्रतस्थ पुरुषांच्या, समुदायासोबत आठवडाभर राहून प्रार्थना करायला दरवर्षी जगभरातून हजारो तरुण येतात. बहुतेक जण रविवारी येतात आणि पुढच्या रविवारी निघतात. कॅथलिक, प्रॉटेस्टंट आणि ऑर्थोडॉक्स अशा वेगवेगळ्या ख्रिस्ती पंथांचे लोक एकाच छपराखाली बसतात. श्रद्धेबद्दल मनात शंका असलेले, कधी चर्चची पायरीही न चढलेले तरुणही त्यांच्यात असतात आणि त्यांना कोणी वेगळे काढत नाही.

समुदायाची मुळे युद्धकाळातली आहेत. स्वित्झर्लंडचे रॉजर शुट्झ १९४० मध्ये, वयाच्या २५व्या वर्षी येथे आले आणि त्यांनी एक घर घेतले. जर्मन ताब्यातल्या प्रदेशाची सीमा जवळच असल्याने पळून आलेल्या निर्वासितांना या घरात आसरा मिळे. त्यांत ज्यूही होते. १९४२ मध्ये रॉजर यांना तेझे सोडावे लागले. १९४४ मध्ये ते परतले आणि युद्ध संपल्यावर त्यांनी परिसरातल्या छावण्यांमधील जर्मन युद्धकैद्यांनाही घरी बोलावले. १९४९ च्या ईस्टरला पहिल्या सात ब्रदरांनी आजन्म ब्रह्मचर्य, सामायिक मालमत्ता आणि साधे जीवन यांची शपथ घेतली. सुरुवातीचे सगळे प्रॉटेस्टंट होते, पुढे कॅथलिकही आले. ब्रदर देणग्या घेत नाहीत, वडिलोपार्जित संपत्तीही स्वतःसाठी ठेवत नाहीत. मातीची भांडी घडवण्यासारख्या स्वतःच्या कामावर ते पोट भरतात.

गावातले जुने चर्च अपुरे पडू लागले, तेव्हा १९६२ मध्ये ‘समेटाचे चर्च’ उभे राहिले. ते बांधायला जर्मनीतून तरुण आले होते. युद्धात आपल्या देशाने जिथे विध्वंस केला तिथे जाऊन काही उभारावे, या भावनेने चाललेल्या चळवळीचे हे काम होते. १९७१ च्या ईस्टरला इतकी गर्दी झाली की चर्चची मागची भिंत पाडून तंबू जोडावा लागला.

दिवस तीन प्रार्थनांभोवती फिरतो : सकाळ, दुपार आणि रात्र. घंटा वाजल्या की सगळी कामे थांबतात. चर्चमध्ये बाके जवळजवळ नाहीतच, बहुतेक जण जमिनीवर बसतात. मधोमध पांढऱ्या झग्यातले ब्रदर असतात. प्रवचन नसते. बायबलमधला छोटा उतारा अनेक भाषांत वाचला जातो आणि दोन-चार ओळींची गीते पुन्हा पुन्हा गायली जातात. फ्रेंच संगीतकार जाक बर्तिए यांनी यांतल्या कितीतरी गीतांना चाली दिल्या. भजनात ध्रुवपद घोळवत राहावे तशी ओळ फिरत राहते, त्यामुळे भाषा न येणाराही तिसऱ्या-चौथ्या वेळी गाऊ लागतो. मग आठ-दहा मिनिटे संपूर्ण शांतता. नवख्या माणसाला पहिले दोन दिवस ही शांतता लांबलचक वाटते. मन भरकटते, पाय अवघडतात. यात काही चुकते आहे असे मानू नये. साधना इथूनच सुरू होते.

सकाळच्या न्याहारीनंतर एखादे ब्रदर बायबलवर थोडे बोलतात आणि मग वेगवेगळ्या देशांतल्या तरुणांचे लहान गट चर्चेला बसतात. मोडक्यातोडक्या इंग्रजीत का होईना, प्रत्येकाला बोलायला मिळते. दिवसाचा काही वेळ श्रमाचा असतो : जेवण वाढणे, भांडी घासणे, स्वच्छतागृहे धुणे. जेवण अगदी साधे, बहुधा एका चमच्याने खाण्याजोगे. मुक्काम तंबूत किंवा दुमजली खाटांच्या खोल्यांत असतो. खर्चाचा वाटा देशाच्या ऐपतीप्रमाणे मागितला जातो. ज्यांना पूर्ण मौन हवे असते ते सगळा आठवडा वेगळ्या जागी मौनात घालवू शकतात. स्वागत आणि मार्गदर्शनाच्या कामात शेजारच्या गावातल्या सेंट अँड्र्यू संघाच्या धर्मभगिनींचा मोठा वाटा असतो.

शुक्रवारी रात्री प्रार्थना संपल्यावर क्रूसाचे चित्र जमिनीवर आडवे ठेवतात आणि तरुण एकेक करून त्यावर कपाळ टेकतात. रांग उशिरापर्यंत सरकत असते. शनिवारी रात्री प्रत्येकाच्या हातात पेटती मेणबत्ती असते, येशूच्या पुनरुत्थानाची खूण म्हणून. रविवारी सकाळच्या मिस्साने, म्हणजे प्रभुभोजनाच्या उपासनेने, आठवडा संपतो.

आपल्याकडच्या चर्चच्या युवक शिबिरातली भाषणे, खेळ आणि शेवटच्या दिवशी ‘कोणाकोणाने (येशूला अनुसरण्याचा) निर्णय घेतला?’ हा प्रश्न ज्यांच्या अंगवळणी पडला आहे, त्यांना येथे काहीतरी राहून गेल्यासारखे वाटेल. तेझेमध्ये निर्णय मागत नाहीत. कोणाशी मनातले बोलावेसे वाटले, तर रात्रीच्या प्रार्थनेनंतर ब्रदर चर्चमध्येच थांबलेले असतात. तरुण माणसावर इतका विश्वास टाकणे हीच या साधनेची खरी ताकद आहे. समुदायाने तरुणांची संघटनाही बांधली नाही. सदस्यत्व नाही, शाखा नाहीत. आलेल्याने आपल्या मंडळीत, म्हणजे आपल्या गावच्या चर्चमध्ये, परत जाऊन तिथेच काम करावे, अशी अपेक्षा असते.

१६ ऑगस्ट २००५ रोजी संध्याकाळच्या प्रार्थनेतच एका मनोरुग्ण स्त्रीने ब्रदर रॉजर यांच्यावर चाकूहल्ला केला. त्यात त्यांचा अंत झाला. त्यांच्यानंतर ब्रदर अलोइस यांनी समुदायाची धुरा सांभाळली आणि २०२३ च्या अखेरीस ती ब्रदर मॅथ्यू यांच्याकडे आली. २०१९ मध्ये समुदायाने काही ब्रदरांवरचे लैंगिक अत्याचाराचे जुने आरोप स्वतःहून जाहीर केले. मुलांना पाठवणाऱ्या पालकांनी आणि मंडळ्यांनी हे ठाऊक असू द्यावे आणि सुरक्षिततेचे नियम मोकळेपणाने विचारून घ्यावेत. प्रार्थनेची जागा आहे म्हणून असे प्रश्न विचारणे अनादराचे ठरत नाही.

भारताशी तेझेचे नाते जुने आहे. ब्रदर रॉजर १९७६ मध्ये कोलकात्यात काही काळ राहिले होते आणि मदर तेरेसांशी त्यांचा स्नेह होता. ‘विश्वासाची यात्रा’ या नावाने चालणाऱ्या मेळाव्यांपैकी एक १९८५ च्या अखेरीस मद्रासला आणि एक २००६ मध्ये कोलकात्याला भरला. जवळच्या बांगलादेशात, मैमनसिंग येथेही ब्रदर राहत आले आहेत. आशिया आणि आफ्रिकेतल्या काही तरुणांना तेझे येथे काही महिने स्वयंसेवक म्हणूनही बोलावले जाते. अशा मुक्कामात पाहुण्यांची सोय लावणे हेच मुख्य काम असते.