काट्यावर १०५ किलो, हातात किती?

ऑस्ट्रियातल्या मॅटिगहोफेन गावातून येणाऱ्या केटीएम ३५० ईएक्ससी-एफ या फोर-स्ट्रोक एंड्युरो (कच्च्या वाटांवरच्या लांब शर्यतींसाठीच्या) गाडीचं वजन १०५ किलोच्या आसपास आहे. चाकणला तयार होणारी त्याच कंपनीची ३९० एंड्युरो आर १७७ किलोंची. हे दोन आकडे शेजारी ठेवताना एक भान ठेवावं लागतं: पहिल्यात पेट्रोल धरलेलं नाही, दुसऱ्यात धरलंय. स्पर्धेच्या गाड्यांची वजनं बहुतेक वेळा अशीच, टाकी रिकामी ठेवून छापतात. आठ-साडेआठ लिटरची टाकी भरली की सहा-साडेसहा किलो वाढतात. तरीही साठ किलोंहून जास्त फरक उरतोच.

गंमत पुढे आहे. रोजच्या रस्त्यावरच्या गाडीवरून उतरून कोणी ३५० वर बसलं, तर पहिल्या शंभर मीटरमध्ये त्याला सायकलवर बसल्यासारखं वाटतं. तेच एखादा मुरलेला टू-स्ट्रोकवाला बसला, तर दोन वळणांनंतर म्हणतो, 'जड आहे.' दोघंही खरं बोलतात, कारण काटा फक्त उभ्या गाडीचं वजन सांगतो. चालू इंजिन त्यात जी भर घालतं, ती काट्यावर दिसत नाही.

मुख्य भर क्रँकशाफ्टची, म्हणजे पिस्टनची वर-खाली हालचाल फिरतीत बदलणाऱ्या दांड्याची. ताशी ४० किलोमीटर वेगाने जाताना २१ इंची पुढचं चाक मिनिटाला साधारण ३०० फेऱ्या मारतं. त्याच वेळी पहिल्या गियरमध्ये ताणलेलं इंजिन ९,००० फेऱ्यांवर असू शकतं, म्हणजे चाकाच्या तीसपट. क्रँक चाकापेक्षा कितीतरी लहान, पण फिरणाऱ्या वस्तूचा हट्ट तिच्या वेगानेही वाढतो. जोरात फिरणारा भोवरा बोटाने कलंडवायला गेलं की जो विरोध जाणवतो, तोच हा. क्रँक गाडीत आडवा बसवलेला असतो, चाकाच्या अ‍ॅक्सलला समांतर. त्यामुळे गाडी वळणात झोपवायची म्हणजे क्रँकचा अक्ष कलंडवायचा, आणि तो सहजी कलंडत नाही.

याचा पडताळा घेणं सोपं आहे. एकच वळण, एकच वेग. एकदा खालच्या गियरमध्ये, इंजिन पूर्ण ताणून घ्या. मग एक गियर वर टाकून, कमी फेऱ्यांवर घ्या. दुसऱ्या वेळी गाडी आपणहून आत पडते. फोर-स्ट्रोकवर नवख्या माणसाचे हात भरून येतात, त्याचं निम्मं कारण हे की तो टू-स्ट्रोकच्या सवयीने सतत एक गियर खाली चालवत असतो.

केटीएमचीच ४५० सीसीची एंड्युरो आणि ही ३५० यांच्यातला फरकही इथेच कळतो. दोन्हींची चेसिस आणि सस्पेन्शन जवळपास तीच, काट्यावरचा फरक थोड्याच किलोंचा. पण ३५० चा बोअर (सिलिंडरचा व्यास) ८८ आणि स्ट्रोक (पिस्टनची धाव) ५७.५ मिलिमीटर, तर ४५० चा ९५ आणि ६३.४. मोठा पिस्टन, लांब स्ट्रोक, आणि त्यांना तोलून धरणारा भारी क्रँक. झाडांमधल्या अरुंद वाटेवर ही भर तासाभरात खांद्यांना कळते. आमच्या मते हौशी चालकाला ४५० ची ताकद क्वचितच पुरती वापरता येते. तिचा भार मात्र पूर्ण वाहावा लागतो.

मग क्रँक हलकाच का करत नाहीत? कारण फोर-स्ट्रोक इंजिनात क्रँकच्या दोन फेऱ्यांमागे एकच स्फोट होतो. आयडलिंगला, म्हणजे थ्रॉटल सोडून इंजिन नुसतं चालू असताना, मिनिटाला १,८०० फेऱ्या असतील तर सेकंदाला पंधरा स्फोट. टू-स्ट्रोकला त्याच फेऱ्यांवर तीस मिळतात. दोन स्फोटांमधली मोकळी फेरी क्रँकने साठवलेल्या ऊर्जेवर काढायची असते, आणि त्यातच तेराच्या वर कॉम्प्रेशन रेशो (आतला वायू किती पटीने दाबला जातो तो आकडा) असलेला सिलिंडर दाबायचा असतो. क्रँक फार हलका केला की उतारावर मागचा ब्रेक जरा जास्त दाबला गेला, चाक लॉक झालं, की इंजिन तिथल्या तिथे बंद. पहिल्या दिवशी जवळजवळ सगळ्यांचं हे होतं. उपाय दोन: डावं पहिलं बोट कायम क्लचवर, आणि आयडलिंग शंभर-दोनशे फेऱ्यांनी वर. कार्ब्युरेटरच्या जमान्यात तापलेलं इंजिन पुन्हा चालू करायला वेगळा हॉट-स्टार्ट लिव्हर ओढावा लागे. फ्युएल इंजेक्शन आणि सेल्फ स्टार्टने तो छळ संपवला.

शर्यतीतल्या आधुनिक फोर-स्ट्रोकच्या जमान्याची सुरुवात यामाहाने केली. १९९७ मध्ये लास वेगासच्या सुपरक्रॉस (स्टेडियममधल्या मातीच्या ट्रॅकवरच्या) शर्यतीत डग हेन्री यामाहाच्या ४०० सीसी फोर-स्ट्रोक प्रोटोटाइपवर जिंकला, आणि १९९८ मध्ये वायझेड४००एफ बाजारात आली. त्याआधी फोर-स्ट्रोक म्हणजे भारी, आळशी गाडी असा समज होता, आणि तो फारसा चुकीचाही नव्हता. अमेरिकेतल्या नियमाने २५० टू-स्ट्रोकसमोर ५५० सीसीपर्यंतचं फोर-स्ट्रोक चालत होतं. त्या सवलतीचा फायदा घेण्याइतकं उंच फिरणारं इंजिन यामाहाने आधी बनवलं.

दुसरी भर इंजिन ब्रेकिंगची. थ्रॉटल सोडला की पिस्टन थ्रॉटलच्या बंद झडपेविरुद्ध हवा ओढायला बघतो, वर कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) आणि व्हॉल्व्हचं घर्षण, आणि हा सगळा अडसर साखळीतून मागच्या चाकाला लागतो. टू-स्ट्रोक अशा वेळी बराचसा मोकळा सुटतो. उतारावर फोर-स्ट्रोकचं मागचं चाक खडखड उड्या मारायला लागतं, भार पुढच्या फोर्कवर येतो, हँडल जड होतं. सस्पेन्शनला दोष देण्याआधी एक गियर वर टाकून किंवा क्लच किंचित दाबून तोच उतार उतरून पाहावा. उड्या थांबल्या तर दोष शॉकअपचा नव्हता.

शॉकअपचा दोष खरंच असतो तेव्हा तो बहुधा वजनाच्या हिशेबातला असतो. या गाड्यांच्या स्प्रिंगा ७५ ते ८५ किलोंचा चालक धरून निवडलेल्या असतात. आपल्याकडचा ६० किलोंचा मुलगा बसला की मागचा भाग उंच राहतो आणि पाय टेकत नाहीत. सीटची उंची मुळातच ९५० मिलिमीटरच्या वर. म्हणून पहिल्या राइडआधी सॅग, म्हणजे वजनाने गाडीचा मागचा भाग किती बसतो ते, मोजायचा. गाडी स्टँडवर, मागचं चाक अधांतरी: अ‍ॅक्सलपासून सरळ वर मडगार्डवरच्या एका खुणेपर्यंत अंतर घ्या. समजा ६०० मिलिमीटर आलं. गाडी खाली उतरवून पुन्हा मोजा, ५६५ च्या आसपास हवं. मग चालकाने हेल्मेट, बूट, पाण्याच्या पिशवीसकट फूटरेस्टवर उभं राहायचं, एकाने गाडी धरायची, दुसऱ्याने मोजायचं: ४९० ते ५०० हवं. चालकासकट आकडा प्रीलोड (स्प्रिंग आधीच आवळून ठेवायची कडी) फिरवून जमला, पण गाडी नुसती उभी असताना १५-२० मिलिमीटरच बसते, तर स्प्रिंग मऊ आहे. उलटं वाटतं खरं. पण मऊ स्प्रिंग फार आवळावी लागते, म्हणून रिकामी गाडी खाली बसतच नाही. याच हिशेबाने हलक्या चालकाची रिकामी गाडी ५० मिलिमीटर बसत असेल, तर स्प्रिंग त्याच्यासाठी कडक.

टायरमध्ये हवा १२ ते १४ पीएसआय. खडकाळ वाटेवर याहून कमी केली की रिम आणि दगडाच्या चिमटीत ट्यूब फाटते. साखळीबाबत रस्त्यावरच्या गाडीची सवय फार घात करते. मागचं चाक ३०० मिलिमीटर वर-खाली जातं, आणि स्विंगआर्म (मागचं चाक धरणारा दांडा) मधल्या स्थितीत आला की दोन स्प्रॉकेटमधलं अंतर सर्वांत जास्त असतं. उभ्या गाडीवर साखळी ताठ दिसेपर्यंत आवळली, तर प्रत्येक मोठ्या धक्क्याला ती गिअरबॉक्सच्या आउटपुट शाफ्टला मागे खेचते. तिथलं बेअरिंग गेलं की इंजिन पूर्ण उघडावं लागतं.

नव्या गाडीचे स्पोक पहिल्या अर्ध्या तासात सैल होतात. प्रत्येक स्पोकवर पाना हलकाच वाजवायचा. बद्द आवाज आला तो सैल. पहिलं ऑइल तासाभरात बदलायचं, पुढे दर पंधरा तासांनी. इथे हिशेब किलोमीटरचा नसतो, तासांचा असतो. एवढी घाई का, तर इंजिनात ऑइल असतं जेमतेम लिटर-सव्वा लिटर, आणि त्याच ऑइलमध्ये क्लचही बुडालेला. हाफ क्लचवर दिवसभर चढण चढलेल्या गाडीचं ऑइल काळं होऊन, जळक्या वासाचं बाहेर येतं.

सर्वांत महाग चूक एअर फिल्टरची. फोमचा फिल्टर प्रत्येक धुळीच्या राइडनंतर धुवून, पूर्ण वाळवून, फिल्टर ऑइलमध्ये मळून पिळून बसवायचा, आणि कडेला ग्रीसची बारीक रेघ. लाल मातीची धूळ आत गेली की ती इनटेक व्हॉल्व्ह आणि त्याच्या बैठकीत सापडते आणि सँडपेपरसारखी घासते. हाय-परफॉर्मन्स इंजिनातले इनटेक व्हॉल्व्ह अनेकदा टायटॅनियमचे असतात. वरचा पातळ कडक थर गेला की आतला धातू झपाट्याने झिजतो. व्हॉल्व्ह बैठकीत वर सरकतो आणि टॅपेटचा गॅप (व्हॉल्व्ह मिटलेला असताना कॅमखाली उरणारी फट) वाढण्याऐवजी कमी होतो. हा गॅप मुळातच मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास. तो संपला की व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही आणि कॉम्प्रेशन गळतं. आवाज वाढत नाही, उलट इंजिन शांत वाटतं. पहिलं लक्षण असतं ते सकाळचं: काल एका बटणात सुरू होणारी थंड गाडी आज चार-पाच वेळा सेल्फ मारायला लावते. तेव्हा बॅटरी बदलण्याआधी कव्हर उघडून फिलर गेज (गॅप मोजायची पातळ पट्टी) घालावा. गॅप कमी निघाला तर पातळ शिम (गॅप ठरवणारी चकती) टाकून तो पुन्हा मापात आणता येतो. त्यानंतर थोड्याच तासांत तो परत कमी झाला, तर व्हॉल्व्ह बदलायचेच. आणखी पातळ शिम शोधत बसू नये.