बालांगिगा

बालांगिगा : फिलिपिन्समधील समार बेटाच्या दक्षिण किनाऱ्यावरील छोटे नगर. ईस्टर्न समार प्रांतातील एक नगरपालिका. लोकसंख्या साधारण 14 हजार. लोकांची भाषा वाराय. 28 सप्टेंबर 1901 च्या सकाळी येथे अमेरिकी तुकडीवर झालेला हल्ला आणि त्यानंतर 117 वर्षे परदेशी राहिलेल्या चर्चच्या तीन घंटा, या दोन गोष्टींमुळे हे नाव जगाला ठाऊक झाले. एका सकाळीपायी गावाचा बाकीचा इतिहास झाकला गेला, हेही खरे.

नगर वसले आहे बालांगिगा नदीच्या मुखाशी. समोर लेतेचे आखात, पश्चिमेला लावाआन, पूर्वेला खिपोर्लोस. पाठीमागे समारचा डोंगराळ, दाट जंगलाचा गाभा. त्याचा मोठा भाग 2003 पासून ‘समार आयलंड नॅचरल पार्क’ म्हणून संरक्षित आहे. सपाट जमीन किनाऱ्यालगतच्या पट्टीपुरती, त्यामुळे वस्ती समुद्राला चिकटून. पाऊस जवळजवळ बारमाही. खाडीकाठी निपा या पाणथळ ताडाची बने आहेत. त्याच्या झावळ्यांनी घरे शाकारण्याची पद्धत जुनी. 1901 मध्ये अमेरिकी सैन्याने जाळले तेव्हा गाव सहज पेटले, ते यामुळेच. जवळचे मोठे शहर म्हणजे लेते बेटावरचे ताक्लोबान. समार आणि लेते यांना जोडणारा सुमारे 2.16 किलोमीटर लांबीचा सान ह्वानिको पूल 1973 मध्ये खुला झाला. त्याआधी पलीकडे जायचे म्हणजे नावेनेच.

मार्च 1521 मध्ये दर्यावर्दी मॅगेलनच्या जहाजांना फिलिपिन्सची पहिली भूमी दिसली ती समारचीच. त्याची माणसे उतरली ते होमोनहोन बेटही याच आखाताच्या तोंडाशी आहे. स्पॅनिश काळात समारमध्ये आधी जेझुइट पाद्री होते. 1768 मध्ये त्यांची हकालपट्टी झाल्यावर दक्षिण किनारा ऑगस्टिनियन आणि पुढे फ्रान्सिस्कन या पंथांच्या पाद्र्यांकडे गेला. बालांगिगा सुरुवातीला पूर्वेकडील गियुआन धर्मग्रामाला (एका मुख्य चर्चच्या अखत्यारीतला भाग) जोडलेली वाडी होती. एकोणिसाव्या शतकात तिला स्वतंत्र धर्मग्रामाचा दर्जा मिळाला. गावाचे ग्रामदैवत संत लॉरेन्स. रचना अस्सल स्पॅनिश वळणाची : मधोमध चौक, भोवती चर्च, पाद्र्यांचा मठ आणि नगरभवन. पुढच्या घटनेत या तिन्ही इमारतींना महत्त्व आले.

स्पेनकडून फिलिपिन्स ताब्यात घेतल्यावर 1899 पासून अमेरिकेला फिलिपिनो क्रांतिकारकांशी लढावे लागले. समारमध्ये त्यांचे नेतृत्व जनरल व्हिसेंते लुकबान करत होता. 11 ऑगस्ट 1901 रोजी नवव्या पायदळ रेजिमेंटची ‘सी’ कंपनी कॅप्टन थॉमस कॉनेलच्या हाताखाली बालांगिगात उतरली. अधिकारी मठात राहिले, शिपाई नगरभवनात आणि आसपासच्या घरांत. पहिले काही दिवस बरे गेले. मग गाव स्वच्छ करून घेण्याच्या खटपटीत कॉनेलने पुरुषांना पकडून कामाला जुंपले आणि रात्री मोजक्या माणसांसाठी असलेल्या दोन तंबूंत दाटीवाटीने कोंडले. घराघरांतले बोलो, म्हणजे कोयत्यासारखे लांब पात्याचे हत्यार, आणि साठवलेला तांदूळ जप्त झाला. बोलो हे शेतकऱ्याचे रोजचे अवजार. ते आणि धान्य काढून घेतल्यावर गावाकडे चिडण्याखेरीज उरले काय?

शनिवारी, 28 सप्टेंबरला, सकाळी साडेसहाच्या सुमारास सैनिक न्याहारीला बसले होते. बंदुका बहुतेकांच्या हाताशी नव्हत्या. गावचा पोलीसप्रमुख व्हालेरियानो आबानादोर पहारेकऱ्याजवळून सहज चालत गेला, त्याची बंदूक हिसकावली आणि तिच्याच दस्त्याने त्याला आडवा केला. चर्चच्या घंटा वाजू लागल्या आणि सुमारे 500 माणसे बोलो घेऊन तुटून पडली. आदल्या दिवशी बायकांच्या वेषातल्या पुरुषांनी लहान शवपेट्यांतून हत्यारे चर्चमध्ये नेली आणि पटकीने मेलेली मुले असल्याचे सांगितले, असे सर्वत्र सांगितले जाते. हल्ल्यात सामील झालेली एकमेव स्त्री म्हणून कासियाना नासियोनालेस हिचे नाव गाव घेते. 74 अमेरिकनांपैकी 48 मेले. कॉनेलसह तिन्ही अधिकारी त्यांत होते. वाचलेले होड्यांतून पश्चिमेकडच्या बासेय गावी पोहोचले. हल्लेखोरांपैकी साधारण 28 जण ठार झाले.

दुसऱ्याच दिवशी अमेरिकी तुकडी बोटीने परतली आणि तिने गाव जाळले. त्यानंतर जे झाले ते एका गावापुरते राहिले नाही. ब्रिगेडियर जनरल जेकब स्मिथ याने समारचा अंतर्भाग ओसाड रान करून टाकण्याचा आणि शस्त्र उचलू शकेल अशा, म्हणजे दहा वर्षांवरील, प्रत्येकाला मारण्याचा हुकूम दिला. मरीन दलाच्या मेजर लिटलटन वॉलरने तो शब्दशः पाळला नाही. तरी गावे जळाली, धान्य नष्ट झाले आणि बेटाची रसद तोडली गेली. बेटावर किती माणसे मेली याचे अंदाज दोन हजारांपासून पन्नास हजारांपर्यंत जातात. आकड्यांतली ही दरीच सांगते की मेलेल्यांची मोजदाद कोणी केली नव्हती. 48 सैनिकांची मात्र यादी आहे. लुकबान फेब्रुवारी 1902 मध्ये पकडला गेला. स्मिथवर लष्करी खटला चालला, पण शिक्षा म्हणाल तर केवळ समज मिळाली. मग अमेरिकेचे अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी त्याला निवृत्त केले.

याच धामधुमीत चर्चच्या तीन घंटा अमेरिकी सैन्याने उचलून नेल्या. दोन वायोमिंगमधील शायेन येथील लष्करी तळावर (आजचा वॉरेन हवाई तळ) स्मारक म्हणून बसवल्या गेल्या. तिसरी नवव्या रेजिमेंटबरोबर फिरत अखेर दक्षिण कोरियातील अमेरिकी छावणीत पोहोचली. हल्ल्याचा इशारा देणारी घंटा हीच, असे मानले जाते. घंटा परत द्याव्यात अशी मागणी बालांगिगाने, चर्चने आणि 1990 च्या दशकात फिलिपिन्सचे अध्यक्ष फिदेल रामोस यांनी लावून धरली. शायेनमधील माजी सैनिकांचा विरोध आड आला : त्यांच्या लेखी ती आपल्या मृतांची स्मृती होती. बालांगिगाच्या लेखी ती चर्चमधून उचललेली वस्तू होती, आणि तसे पाहता दुसरा दावा खोडून काढणे कठीण होते. जुलै 2017 मध्ये अध्यक्ष रॉद्रिगो दुतेर्ते यांनी संसदेपुढील भाषणात घंटा उघडपणे मागितल्या. नंतर अमेरिकी कायद्यातली आडकाठी दूर झाली. 11 डिसेंबर 2018 रोजी तिन्ही घंटा मनिलाला उतरल्या आणि 15 डिसेंबरला गावच्या चर्चकडे सुपूर्द झाल्या. दुसऱ्याच पहाटेपासून नाताळपूर्व नऊ दिवसांच्या प्रार्थना सुरू होणार होत्या, त्यामुळे मुहूर्तही साधला.

28 सप्टेंबर 1901 च्या त्या घटनेला काय म्हणावे याचा वाद मात्र मिटलेला नाही. अमेरिकी लेखनात बराच काळ ‘बालांगिगाचे हत्याकांड’ असाच उल्लेख होता. फिलिपिन्समध्ये ‘चकमक’ हा शब्द रूढ आहे, आणि 1989 च्या प्रजासत्ताक कायदा क्र. 6692 नुसार ईस्टर्न समारमध्ये 28 सप्टेंबरला याच नावाने सुट्टी असते. त्या दिवशी गावात हल्ल्याचा देखावा उभा केला जातो. चौकात आबानादोरचे शिल्प आहे.

प्रशासनाकडे वळायचे तर, 1965 मध्ये समार प्रांताचे तीन तुकडे झाले तेव्हा बालांगिगा ईस्टर्न समारमध्ये आले; प्रांताची राजधानी बोरोंगान. नगरपालिकेचे 13 ‘बारांगाय’ आहेत. बारांगाय म्हणजे राज्यकारभाराची सर्वांत लहान पायरी. त्यांतले सहा मुख्य वस्तीतच आहेत, उरलेले सात तिच्याबाहेर. कारभार 1991 च्या स्थानिक शासन संहितेनुसार चालतो. नगराध्यक्ष, उपनगराध्यक्ष आणि ‘सांगुनियांग बायान’ या सभागृहाचे आठ सदस्य सर्व मतदार थेट निवडतात. बारांगाय प्रमुखांचा आणि युवक परिषदांचा प्रतिनिधी पदसिद्ध सदस्य असतो. मुदत तीन वर्षांची. एका पदावर सलग तीनपेक्षा जास्त मुदती नाहीत. मराठी वाचकाने इथे आपल्या महापौराचे शोभेचे पद डोळ्यांसमोर आणू नये : फिलिपिनो नगराध्यक्षाकडे अंमलबजावणीचे खरे अधिकार असतात, सभागृहाच्या अध्यक्षस्थानी मात्र उपनगराध्यक्ष बसतो. प्रत्येक बारांगायला निवडून आलेला प्रमुख आणि सात सदस्य असतात.

एवढ्या लहान नगराचे स्वतःचे उत्पन्न तुटपुंजे असते. कारभार मुख्यतः राष्ट्रीय करांतील वाट्यावर चालतो. या वाट्यातले 34 टक्के देशभरातल्या नगरपालिकांना आणि 20 टक्के बारांगायना जातात. कोणत्या नगरपालिकेला किती हे लोकसंख्या, क्षेत्रफळ आणि समान हिस्सा यांवर ठरते. लोकसंख्येचा भार निम्मा असल्याने छोट्या गावाची ओंजळ छोटीच राहते.

उपजीविका नारळ, भात आणि मासेमारीवर. खोबरे विकले जाते. माडाच्या पोयीतून काढलेल्या रसाची ‘तुबा’ घरोघरी असते. आपल्या माडीचीच ही बहीण, पण समार आणि लेतेमध्ये तिच्यात खारफुटीच्या सालीची पूड घालतात, त्यामुळे ती तांबूस होते आणि टिकतेही. 8 नोव्हेंबर 2013 च्या पहाटे योलांदा (आंतरराष्ट्रीय नाव हैयान) हे वादळ गियुआनला धडकले आणि याच किनाऱ्यावरून पुढे गेले. घरे गेली, विभागातले कोट्यवधी माड मोडले. घर काही महिन्यांत उभे करता येते. नव्या माडाला फळ धरायला सहा-सात वर्षे लागतात. या काळात अनेक कुटुंबे समुद्रावरच अधिक अवलंबून राहिली. किनाऱ्यापासून 15 किलोमीटरपर्यंतचे पाणी कायद्याने नगरपालिकेचे असते आणि तीन टनांपर्यंतच्या छोट्या होड्यांना तिथे प्राधान्य मिळते. मोठ्या व्यापारी बोटींना या हद्दीबाहेर ठेवणे हेही नगरपालिकेचेच काम.