कंपन्यांचे अनैतिक वर्तन : मराठवाड्यातील स्वरूप

नफा वाढवण्यासाठी किंवा अंगावर येणारी जबाबदारी टाळण्यासाठी एखाद्या कंपनीने, कारखान्याने अथवा वित्तसंस्थेने कामगार, शेतकरी, ग्राहक, ठेवीदार किंवा शासन यांची केलेली फसवणूक, पिळवणूक वा हेळसांड म्हणजे कंपन्यांचे अनैतिक वर्तन. यातले काही प्रकार उघड गुन्हे असतात. पुष्कळसे मात्र कराराच्या आणि नियमांच्या भाषेत नीट बसवलेले असतात. मराठवाड्यात जास्त नुकसान या दुसऱ्या प्रकाराने केले आहे.

छत्रपती संभाजीनगर, जालना, बीड, परभणी, हिंगोली, नांदेड, लातूर आणि धाराशिव या आठ जिल्ह्यांत बहुतेक शेती कोरडवाहू आहे. पाऊस बेभरवशाचा आणि हातात रोकड कमी, त्यामुळे इथल्या कुटुंबाला बियाणे, विमा, कर्ज आणि मजुरी या चारही गोष्टींसाठी कोणत्या ना कोणत्या संस्थेच्या दारात जावे लागते. त्या दारात कंपनी स्वतः क्वचितच भेटते. भेटतो तो मुकादम, दुकानदार, पंचनाम्याला आलेला कंत्राटी पोरगा किंवा गावातलाच ठेव एजंट. व्यवहार कंपनीचा असतो, पण चुकीचा जाब द्यायची वेळ आली की हा मधला माणूस पुढे केला जातो. मराठवाड्यातली जवळजवळ सगळी मोठी प्रकरणे याच मांडणीवर उभी आहेत, आणि शेवटी भरपाई सरकारी तिजोरीला किंवा घरातल्या बाईला करावी लागते.

ऊसतोड आणि उचल

याचे सर्वांत जुने आणि सर्वांत क्रूर उदाहरण साखर उद्योगातले आहे. बीड जिल्ह्यातील आष्टी, पाटोदा, शिरूर कासार, गेवराई, धारूर, वडवणी, केज या तालुक्यांतून आणि शेजारच्या जिल्ह्यांतूनही दरवर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास लाखो मजूर पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊसतोडीला जातात. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ मोजला जातो. या जोडीला हंगामाआधी मुकादमाकडून उचल मिळते आणि ती फडात राबून फेडायची असते. कारखान्याचा तोडणी-वाहतुकीचा करार वाहतूकदाराशी, वाहतूकदाराचा व्यवहार मुकादमाशी आणि मुकादमाचा मजुराशी. या साखळीमुळे ज्याच्या उसासाठी बाई पहाटे चार वाजता कोपीतून (फडावरच्या झोपडीतून) उठते, त्या कारखान्याच्या दफ्तरी ती कामगार म्हणून नोंदलेलीच नसते. अपघात झाला, साप चावला, बाळंतपण फडातच आले, तरी कारखाना कागदोपत्री मोकळा राहतो. पट्टा पडेपर्यंत, म्हणजे हंगाम संपेपर्यंत, उचल फिटली नाही तर बाकी पुढच्या हंगामावर चढते. बाकीसाठी मजुरांना किंवा त्यांच्या मुलांना डांबून ठेवल्याच्या तक्रारी पोलिसांत नोंदल्या गेल्या आहेत.

मजुरी टनावर ठरते, त्यामुळे वजनकाट्यावरच्या ‘काटामारी’चा, म्हणजे वजन कमी दाखवण्याचा, फटका ऊस उत्पादकाबरोबर तोडणाऱ्यालाही बसतो. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ ठरली. ती संघटनांनी अनेक वर्षे संप करून मिळवलेली होती आणि तिचे मोल आहेच. पण काटा खोटा असेल तर वाढलेला दरही हाती पुरा पडत नाही.

एक दिवस काम चुकले की ‘खाडा’ धरून दंड कापला जातो. फडावर संडास नाही, पुरेसे पाणी नाही, पाळीच्या दिवसांत विश्रांती नाही. अंगावर पांढरे जाणे, ओटीपोटात दुखणे अशा तक्रारी घेऊन खासगी दवाखान्यात गेलेल्या बायकांना कॅन्सरची भीती घालून गर्भाशय काढायला लावल्याची उदाहरणे पुढे आली. जून २०१९ मध्ये विधान परिषदेत तेव्हाच्या आरोग्यमंत्र्यांनी सांगितले की, बीड जिल्ह्यातील ९९ खासगी रुग्णालयांत तीन वर्षांत ४,६०५ गर्भाशये काढली गेली. त्यानंतर नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीसमोर आलेल्या पाहणीत ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची ही शस्त्रक्रिया झालेली आढळली. यातल्या पुष्कळ बायका तिशी-पस्तिशीच्या आतल्या होत्या. शस्त्रक्रिया डॉक्टरांनी केल्या, हे खरे. परंतु खाड्याची भीती कारखान्यांनी पोसलेल्या पद्धतीतूनच आली होती. मार्च २०२४ मध्ये ‘द न्यू यॉर्क टाइम्स’ आणि ‘द फुलर प्रोजेक्ट’ यांच्या शोधवृत्ताने ही साखळी साखर घेणाऱ्या जागतिक शीतपेय कंपन्यांपर्यंत नेऊन भिडवली. दर्जाची प्रमाणपत्रे होती, तपासण्याही होत होत्या. त्या तपासण्यांत फडातली बाई दिसली नव्हती.

मुलांवरचे परिणाम याहून लांबचे. आईबाप फडावर गेले की शाळा सुटते. साखरशाळा आणि गावातली हंगामी वसतिगृहे यांनी काही मुले वाचवली, सगळी नाही. वयात आलेली मुलगी मागे ठेवायची भीती आणि लग्न लागले की नवा कोयता तयार होऊन नवी उचल मिळण्याची सोय, या दोन्हींमुळे बालविवाहाला बळ मिळते. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९–२१) बीडमधील २० ते २४ वयाच्या ४३.७ टक्के स्त्रियांचे लग्न अठराच्या आत झालेले होते. परभणीत हे प्रमाण ४८ टक्के निघाले.

राज्याने या मजुरांसाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने कल्याणकारी महामंडळ स्थापले आणि त्यासाठी गाळल्या जाणाऱ्या उसावर टनामागे रक्कम आकारण्याचे ठरवले. बीडमध्ये गर्भाशयाच्या शस्त्रक्रियेपूर्वी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी सक्तीची झाली. दोन्ही पावले आवश्यक होती, पण मजुराला कारखान्याचा कामगार मानण्याचा मूळ प्रश्न त्यांनी सुटत नाही.

पीकविमा

प्रधानमंत्री पीकविमा योजना २०१६ च्या खरिपापासून सुरू झाली. खरिपातल्या धान्य व गळीत पिकांसाठी शेतकऱ्याने विमा रकमेच्या २ टक्के, कापसासारख्या नगदी पिकासाठी ५ टक्के भरायचे आणि उरलेला हप्ता केंद्र व राज्याने द्यायचा, अशी रचना ठरली. हप्त्याचा मोठा भाग सरकारचा असल्याने कंपनीला पैसे आगाऊ आणि खात्रीने मिळतात. नुकसानीचा दावा मात्र शेतकऱ्याने सिद्ध करायचा. त्यातही शेतात पाणी शिरल्यापासून ७२ तासांत पूर्वसूचना द्यायची अट होती. रस्ता वाहून गेलेला, वीज गेलेली, मोबाइलला रेंज नाही, अशा गावात ही अट म्हणजे दावा नाकारण्याची तयार सबब ठरे.

२०२० च्या खरिपात तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात काढणीला आलेले सोयाबीन अतिवृष्टीत गेले. कंपनीने मुदतीत कळवणाऱ्या थोड्या शेतकऱ्यांना भरपाई दिली आणि बाकीच्यांना नाकारली. महसूल आणि कृषी खात्याचे पंचनामे झालेले असताना वेगळी पूर्वसूचना कशाला हवी, असा शेतकऱ्यांचा सवाल होता. मे २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने ३,५७,२८७ शेतकऱ्यांना भरपाई देण्याचा आदेश दिला. कंपनी सर्वोच्च न्यायालयात गेली, तेव्हा तिला २०० कोटी रुपये जमा करावे लागले. हंगाम बुडाल्यापासून कोर्टाचा निकाल हाती येईपर्यंत शेतकऱ्याने सावकाराचे व्याज भरलेले असते, त्याची भरपाई कोणत्याही निकालात नसते.

त्याच २०२० च्या खरिपात बीड जिल्ह्यासाठी एकाही कंपनीने निविदा भरली नाही. आधीच्या हंगामांत दावे जास्त द्यावे लागले, एवढेच कारण पुरले. जिथे जोखीम खरी, तिथूनच विमा काढता पाय घेतो, हे त्यातून उघड झाले. शासनाने भारतीय कृषी विमा कंपनीला गळ घालून ‘बीड पॅटर्न’ आखला : दावे जमा हप्त्याच्या ११० टक्क्यांवर गेले तर वरचा भार राज्याचा, दावे कमी निघाले तर कंपनीने २० टक्के ठेवून उरलेले राज्याला परत करायचे. पुढे हीच पद्धत राज्यभर लागू झाली.

२०२३ मध्ये एक रुपयात विमा आला आणि फसवणुकीची दिशा उलटली. विम्याचे अर्ज भरून देणाऱ्या काही सेवा केंद्रचालकांनी सरकारी जमिनी, देवस्थानांच्या जमिनी, दुसऱ्यांचे सातबारे वापरून लाखो बोगस अर्ज भरले. बीड यात आघाडीवर होते. २०२५ मध्ये ही योजना बंद झाली आणि स्थानिक आपत्ती, काढणीपश्चात नुकसान यांसारख्या बाबींचे संरक्षणही काढून घेतले गेले. भरपाई आता पीक कापणी प्रयोगावर, म्हणजे निवडक शेतांतले पीक कापून काढलेल्या उत्पन्नाच्या अंदाजावर, उरली. त्याच वर्षी सप्टेंबरात मराठवाड्यात पुराने जमिनी खरवडून नेल्या. ऑक्टोबरमध्ये राज्याला ३१,६२८ कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर करावे लागले. कंपन्यांची टाळाटाळ आणि दलालांची लूट या दोन्हींची शिक्षा प्रामाणिक शेतकऱ्याला झाली, आणि विम्याने उचलायचा भार पुन्हा करदात्यावर आला.

बियाणे आणि खते

जालना हे देशातल्या बियाणे उद्योगाचे एक जुने केंद्र. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये तिथे महिको ही बियाणे कंपनी स्थापन केली आणि १९९८ मध्ये त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. शेतकऱ्याचा विश्वास कमावलेला हा प्रदेश आहे, म्हणूनच २०२० च्या खरिपात सोयाबीन उगवले नाही तेव्हाचा धक्का मोठा होता. कंपन्यांनी दोष पेरणीच्या खोलीला आणि अपुऱ्या ओलीला दिला. औरंगाबाद खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली आणि कंपन्यांवर गुन्हे नोंदवण्याचा प्रश्न ऐरणीवर आणला. तोवर दुबार पेरणीचा खर्च झालेला होता.

खतांच्या बाबतीत ‘लिंकिंग’ हा प्रकार सर्वांना ठाऊक आहे. युरिया किंवा डीएपी हवे असेल तर न खपणारी सूक्ष्म अन्नद्रव्ये, विद्राव्य खते घ्यावीच लागतील, अशी सक्ती कंपनीकडून घाऊक विक्रेत्यावर, त्याच्याकडून कृषी सेवा केंद्रावर आणि तिथून शेतकऱ्यावर येते. भरारी पथक येते ते दुकानात. परवाना निलंबित होतो तोही दुकानदाराचा.

औद्योगिक वसाहती आणि पाणी

कंत्राटी कामगार अधिनियम १९७० प्रमाणे ठेकेदाराने मजुरी बुडवली तर ती देण्याची जबाबदारी मूळ मालकावर येत असे; नोव्हेंबर २०२५ मध्ये या कायद्याची जागा नव्या कामगार संहितेने घेतली. सुरक्षिततेचे मात्र हाल आहेत. ३१ डिसेंबर २०२३ च्या पहाटे वाळूज परिसरातील हातमोजे बनवणाऱ्या कारखान्याला आग लागून आत झोपलेले सहा कामगार मरण पावले.

एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पिण्याचे पाणी येत असताना औरंगाबादच्या मद्यनिर्मिती कारखान्यांचे नळ चालूच होते. ते कंत्राटाप्रमाणे होते, बेकायदा नव्हते. खंडपीठाने त्यांच्या पाण्यात ६० टक्क्यांपर्यंत कपात करायला लावली.

ठेवी

अलीकडची जखम मल्टिस्टेट, म्हणजे एकाहून जास्त राज्यांत काम करणाऱ्या, पतसंस्थांची आहे. २००२ च्या कायद्याने त्यांची नोंदणी दिल्लीतील केंद्रीय निबंधकाकडे असते, त्यामुळे जिल्ह्याच्या उपनिबंधकाचा हात पोचत नाही. जादा व्याजाचे आमिष आणि गावातल्या ओळखीच्या माणसाचा शब्द यांवर लोकांनी निवृत्तीचे पैसे, मुलीच्या लग्नाची पुंजी ठेवली. बीडमध्ये मुख्यालय असलेल्या ज्ञानराधा मल्टिस्टेटच्या शाखा २०२३ नंतर पैसे परत करू शकल्या नाहीत आणि राज्यभर गुन्हे दाखल झाले. प्रकरण न्यायालयात आहे. गावोगावच्या एजंटांना लोकांनी दारात धरले. त्यातल्या कित्येकांनी स्वतःचेही पैसे तिथेच ठेवलेले होते.

अशा वेळी ठेवीदारांना आधार असतो तो १९९९ च्या ठेवीदार हितसंरक्षण कायद्याचा, म्हणजे एमपीआयडीचा. संचालकांची मालमत्ता जप्त करून सक्षम प्राधिकाऱ्याने ती विकायची आणि पैसे वाटायचे, अशी त्यात तरतूद आहे. जप्ती लवकर होते. मूल्यांकन, हरकती, लिलाव यांत वर्षे जातात. तोपर्यंत ठेवीदार पावत्यांच्या झेरॉक्स घेऊन आर्थिक गुन्हे शाखेत जबाब नोंदवायला खेपा घालतात.