समाजमाध्यमांवरील स्पॅम (बेळगाव सीमाभाग)

न मागता, मोठ्या संख्येने आणि बहुधा यंत्राच्या मदतीने पाठवलेला मजकूर म्हणजे स्पॅम. खोट्या योजनांच्या लिंक, बनावट खात्यांच्या मैत्रीविनंत्या, स्थानिक बातमीखाली चिकटवलेले झटपट कर्जाचे आणि वशीकरणाचे मोबाइल क्रमांक, ‘व्हिडिओ लाइक करा, घरबसल्या कमवा’ असे टेलिग्रामवरचे आमिष, हे सारे त्यात येते. बेळगाव, खानापूर, निपाणी, हल्याळ, कारवार, भालकी, औराद या मराठी भाषक पट्ट्यात त्याला एक वेगळे वळण मिळाले आहे. इथल्या घरातल्या फोनवर दोन राज्यांच्या घोषणा एकाच वेळी येऊन पडतात, आणि त्यांपैकी आपल्याला लागू कोणती याबद्दलचा संभ्रम हेच स्पॅमवाल्यांचे भांडवल असते.

योजनांच्या लिंक. कर्नाटकाची गृहलक्ष्मी योजना ऑगस्ट २०२३ मध्ये सुरू झाली. शिधापत्रिकेवर कुटुंबप्रमुख असलेल्या महिलेला तिच्यातून दरमहा २,००० रुपये मिळतात. महाराष्ट्राची ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजना २०२४ ची, दरमहा १,५०० रुपयांची. तिला महाराष्ट्रातील रहिवास लागतो. कोल्हापूर, चंदगड, गडहिंग्लजशी सोयरीक असलेल्या गावांत दोन्हींचे संदेश फिरतात. त्यात ‘सीमाभागातील महिलांनाही लाभ’ एवढी ओळ जोडली की लिंक खरी वाटू लागते. तसे वाटण्याला आधारही आहे: महात्मा फुले जनआरोग्य योजना सीमाभागातील ८६५ गावांना लागू करण्याचा निर्णय महाराष्ट्र शासनाने २०२३ मध्ये खरोखरच घेतला होता. म्हणून अशा लिंकवर विश्वास ठेवणाऱ्याला अडाणी म्हणणे अन्यायाचे आहे. गृहलक्ष्मीची नोंदणी ग्राम वन, कर्नाटक वन किंवा बापूजी सेवा केंद्रात होते. व्हॉट्सॲपवर आलेल्या अनोळखी पानावर आधार क्रमांक आणि ओटीपी भरण्याचे काहीच कारण नसते.

एपीके फाइल. सध्याचा सर्वांत घातक प्रकार हा. लग्नपत्रिका, वाहनाचे ई-चलान किंवा पीएम किसानच्या नावाने फाइल येते आणि तिच्या नावाच्या शेवटी ‘.apk’ (एपीके) असते. पत्रिका चित्र किंवा पीडीएफ असते, एपीके हे अँड्रॉइड फोनवर बसणारे ॲप आहे. ते बसवताना एसएमएस वाचण्याची परवानगी मागते. ती मिळाली की बँकेचे ओटीपी परस्पर भामट्याकडे जातात. पुढे तीच फाइल फोनमालकाच्या नावाने त्याच्या गल्लीच्या, बचत गटाच्या, तरुण मंडळाच्या ग्रुपवर जाते. माणूस ओळखीचा असल्याने पुढचे दहाजण ती उघडतात. चुकून बसवलीच तर आधी इंटरनेट बंद करावे, दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवून खाते आणि यूपीआय थांबवावे, मग ॲप काढावे. आधी ॲप शोधत बसले तर तेवढ्या वेळात पैसे जातात.

जवानाच्या नावाने विक्री. ‘बदली झाली, बुलेट आणि फर्निचर स्वस्तात द्यायचे आहे’ ही फेसबुकवरची फसवणूक देशभर चालते. मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र असलेल्या बेळगावात ती सहज पचते, कारण इथे जवानांच्या बदल्या खरोखरच होत असतात. ओळखपत्राचा फोटो दाखवून आधी गेट पासचे, मग वाहतुकीचे, मग ‘परत मिळणाऱ्या’ अनामतीचे पैसे मागितले जातात. वस्तू समोर पाहिल्याशिवाय एक रुपयाही देऊ नये. पैसे मिळवण्यासाठी यूपीआयचा पिन कधीच टाकावा लागत नाही.

भाषेची अडचण. यंत्राधारित चाळणी इंग्रजीत जितकी पक्की आहे तितकी मराठीत नाही. मराठी, हिंदी आणि कोकणी देवनागरीत लिहिल्या जात असल्याने तोकड्या मजकुराची भाषा ओळखतानाच यंत्राची गफलत होते. सीमाभागात एकाच वाक्यात मराठी, कन्नड आणि रोमन लिपी मिसळते, तिथे ती आणखी वाढते. मजकूर चित्रावर छापून टाकला की शब्द शोधणारी चाळणी निरुपयोगी ठरते. व्हॉट्सॲपवर संदेश कूटबद्ध असल्याने कंपनीला मजकूर दिसत नाही. खाते किती वेगाने किती जणांना संदेश पाठवते आणि किती लोक तक्रार करतात यावरून ती अंदाज बांधते. त्यामुळे नुसते ब्लॉक करणे पुरेसे नाही, ‘रिपोर्ट’ही करावे. रिपोर्ट केल्यावर त्या खात्याचे किंवा ग्रुपचे शेवटचे पाच संदेश कंपनीकडे जातात आणि समोरच्याला त्याची सूचना मिळत नाही. आधी चॅट पुसून टाकले तर पाठवायला काही उरत नाही.

फॉरवर्ड. व्हॉट्सॲपने २०१८ मध्ये भारतात एका वेळी पाच चॅटची मर्यादा घातली. ‘अनेक वेळा फॉरवर्ड’ झालेला, दोन बाणांचा संदेश एप्रिल २०२० पासून एका वेळी एकाच चॅटला पाठवता येतो. मजकूर कॉपी करून चिकटवला की मात्र ही खूण नाहीशी होते. १ नोव्हेंबर (कर्नाटक राज्योत्सव, तर सीमाभागातील मराठी भाषकांचा काळा दिन) आणि बेळगावातील कर्नाटक विधिमंडळ अधिवेशनाच्या सुमारास याकडे विशेष लक्ष द्यावे लागते. १४ डिसेंबर २०२२ रोजी दिल्लीत दोन्ही मुख्यमंत्र्यांसोबत झालेल्या बैठकीनंतर केंद्रीय गृहमंत्री अमित शहा यांनीही बड्या नेत्यांच्या नावांच्या बनावट ट्विटर खात्यांमुळे सीमावाद चिघळल्याचे सांगितले होते.

ग्रुप सांभाळणाऱ्यांसाठी. व्हॉट्सॲप ग्रुपची निमंत्रण लिंक उघड्यावर टाकू नये. टाकली असेल तर रीसेट करावी आणि नव्या सदस्यांना ॲडमिनची मंजुरी लागेल अशी सेटिंग ठेवावी. फेसबुक ग्रुपला प्रवेशासाठी तीन प्रश्न ठेवता येतात. त्यांतला एखादा स्थानिक असावा, उदाहरणार्थ, गावातल्या जत्रेचे दैवत कोणते. फेसबुक पेजवर अडवायच्या शब्दांची यादी देता येते. तिच्यात ‘लोन’, ‘वशीकरण’ यांची देवनागरी, रोमन आणि कन्नड अशी तिन्ही रूपे घालावीत. एकाच लिपीतली यादी इथे फारशी उपयोगी पडत नाही.

तक्रार. दूरसंचार नियामक ‘ट्राय’चे नको असलेल्या व्यावसायिक संदेशांविषयीचे २०१८ चे नियम कॉल आणि एसएमएसपुरते आहेत. समाजमाध्यमांवरील बनावट ओळख आणि फसवणुकीला माहिती तंत्रज्ञान कायद्याची कलमे ६६क (६६-सी) आणि ६६ड (६६-डी) लागतात. दोन्हींत तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड आहे. पैसे गेले असल्यास लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर फोन करावा. पैसे पुढच्या खात्यात वळण्याआधीच ते रोखता येतात. कर्नाटकात असे गुन्हे सीईएन (सायबर, आर्थिक आणि अमली पदार्थविषयक गुन्हे) पोलीस ठाण्याकडे असतात. व्यवहार कोल्हापुरात झाला असला तरी बेळगावात शून्य क्रमांकाने (हद्दीचा विचार न करता, ‘झिरो एफआयआर’) गुन्हा नोंदवता येतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये तशी तरतूद आहे. सोबत यूपीआयचा बारा अंकी संदर्भ क्रमांक, बँकेचे खाते उतारे, देशाच्या कोडसह पूर्ण मोबाइल क्रमांक आणि बनावट प्रोफाइलचा पत्ता द्यावा. नुसते नाव आणि फोटो दिला तर खाते शोधता येत नाही, कारण त्याच नावाची आणि त्याच फोटोची खाती अनेक असतात.